टोकावरचं खारं पाणी

१

त्या सकाळी टोकावरच्या घराघरांत भांडणं जुंपली. चहा खारट झाला होता, आणि ज्या घरात ज्याने केला त्याच्या डोक्यावर खापर फुटत होतं. साखरेच्या डब्यात मीठ कुणी भरलं, यावरून सासवा सुनांना आणि बायका नवऱ्यांना बोलत होत्या. मग कुणीतरी नळाखाली ओंजळ धरली, घोट घेतला आणि थुंकला. तेव्हा कळलं, की दोष साखरेचा नव्हता, पाण्याचा होता.

टोक म्हणजे गावाची समुद्रात घुसलेली जीभ. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. विहिरी खणाव्यात तर मचूळ पाणी. पिढ्यान्‌पिढ्या माणसं टँकरच्या मागे हंडे घेऊन पळाली. गेल्याच आठवड्यात नगरपालिकेने खाडीच्या तळाखालून पाइप टाकून डोंगरातलं पाणी टोकावर आणलं होतं. चोवीस तास नळ. लोक नुसता नळ सोडून बघत उभे राहायचे, आणि बंद करून हसायचे.

ही योजना आखली आणि तडीस नेली ती पालिकेच्या पाणी अभियंता बाईंनी. आणि पालिकेच्या आरोग्य निरीक्षक बाई त्यांच्या थोरल्या जाऊ. घर एकच, कचेरी एकच. सासू दोघींना थोरली आणि धाकटी म्हणायची, ते हळूहळू साऱ्या पालिकेत झालं.

थोरलीला मुख्याधिकाऱ्यांच्या खोलीत बोलावणं आलं तेव्हा तिथे नगराध्यक्ष येरझाऱ्या घालत होते. धाकटी भिंतीशी उभी होती. तिच्यासमोर खुर्ची रिकामी असून कुणी तिला बस म्हटलं नव्हतं, हे थोरलीला आत शिरताशिरताच दिसलं. उपअभियंता मात्र पाय पसरून बसले होते. त्यांना गावात 'म्हटलंहोतं साहेब' म्हणायचे, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य तसंच सुरू व्हायचं.

"मी म्हटलं होतं," ते म्हणाले, "खाडीखालून पाइप नको. सांधा सुटणार आणि खारं पाणी आत शिरणार. पुलावरून न्या म्हटलं होतं. पण आमचं कोण ऐकतं? आम्ही काय, जुनी माणसं."

"सांधा सुटलेला नाही," धाकटी म्हणाली.

"मग मीठ काय आकाशातून पडलं?"

मुख्याधिकारी थोरलीकडे वळले. "इस्पितळातून फोन होता. टोकावरचं एक तान्हं बाळ भरती आहे. आईने उजाडताच याच पाण्यात पावडरचं दूध कालवून पाजलं. उलट्या, अंगात त्राण नाही. डॉक्टर म्हणतात चोवीस तास काढले तर बरं."

नगराध्यक्ष थांबले. "उद्या दुपारी विशेष सभा आहे. पाणी कशाने बिघडलं याचा अहवाल आरोग्य खातं देईल. म्हणजे तुम्ही. जाऊबाई आहेत म्हणून हात आखडता घेऊ नका. पाइप फुटला असेल तर अभियंता बाईंचं निलंबन त्याच सभेत होईल."

धाकटीचा चेहरा पांढरा पडला. आणि थोरलीच्या छातीत, कुठेतरी बरगडीच्या आत, उन्हातून आल्यावर गार पाण्याचा शिपका बसावा तसं झालं. बाळाची काळजी खरीच होती. पण हा गारवाही खरा होता.

२

हा गारवा आजचा नव्हता. टोकावर दर वर्षी कावीळ व्हायची, पोरं लागोपाठ आजारी पडायची. दारोदार फिरून रुग्ण मोजणारी, मुख्याधिकारी बदलला की नव्याकडे पुन्हा तेच गाऱ्हाणं घेऊन जाणारी थोरली होती. 'यांना चांगलं पाणी द्या' हे सांगून तिच्या जिभेला घट्टे पडले. मग घरात धाकटी आली, नकाशे आले, पाइप आला. उद्घाटनाच्या भाषणात नगराध्यक्षांनी डोंगराचे, पावसाचे, ठेकेदाराच्या मजुरांचे आभार मानले. थोरलीचं नाव त्यांच्या ओठांवर आलं नाही. ती पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती, आणि इतरांपेक्षा जरा जोरातच वाजवत होती.

घरी तर बोलायलाच नको. थोरलीचा नवरा जहाजावर, वर्षातले बरेच महिने पाण्यावर. घरचं सगळं आटपून कचेरी गाठणारी ती, आणि सासूच्या तोंडी सदा धाकटीची तारीफ. आता तर धाकटीला मोठ्या शहरात बढती मिळणार, असं चाललं होतं.

खोलीतून बाहेर पडल्यावर धाकटीने जिन्यात तिचा हात धरला.

"ताई, एक काम करा. पाइप खाडीतून वर येतो तिथे तपासणीचा नळ आहे. टाकीच्या अलीकडे. भरती पूर्ण असताना तिथलं पाणी बघा. सांधा सुटला असेल तर ते खारट लागेलच, आणि भरतीला जास्त खारट लागेल. मला पंपघराकडे फिरकायला बंदी केलीय. आणि मी बघितलं तरी माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?"

"माझ्यावर ठेवतील?"

"तुमच्यावर सगळेच ठेवतात," धाकटी म्हणाली. हे ती सरळ मनाने म्हणाली, आणि थोरलीला ते जास्तच बोचलं.

दुपारी जेवायला दोघी घरी आल्या, तर धाकटा दीर, धाकटीचा नवरा, तोही आला होता. तो धक्क्याजवळच्या बर्फाच्या कारखान्यात व्यवस्थापक. बायकोचं कौतुक करताना त्याला शब्द पुरायचे नाहीत. गिऱ्हाइकालाही सांगायचा, माझी बायको म्हणजे लाखात एक. आता तो बायकोच्या ताटात स्वतः वाढत होता.

"करू दे काय करायचं ते," तो म्हणाला. "तुझ्यासारखी अभियंता त्यांना सात जन्मांत मिळायची नाही. बढतीचं राहिलं तर राहिलं. जरा घरी बस, जिवाला आराम दे. आपलं काय अडलंय?"

धाकटीने भात कालवला. घास तोंडात फिरत राहिला.

दुपार टळल्यावर भरती चढली. थोरली एकटीच खाडीकाठी गेली. पाणी दगडांच्या वरच्या थरापर्यंत आलं होतं. तिने तपासणीचा नळ सोडला, पाणी बराच वेळ वाहू दिलं, स्वच्छ बाटलीत धरलं, आणि मग ओंजळीत घेऊन चाखलं.

पाणी गोड होतं. नारळाच्या पाण्यासारखं निवळ आणि गोड.

म्हणजे पाइप शाबूत होता. मीठ पाइपातून आलं नव्हतं, कुणीतरी टाकीत घातलं होतं. आणि या घडीला ते दोघांनाच माहीत होतं: ज्याने घातलं त्याला, आणि थोरलीला.

३

ती दगडावर बसून राहिली. काहीच करायला लागणार नव्हतं. खोटंही बोलायला लागणार नव्हतं. 'निश्चित सांगता येत नाही' एवढे शब्द अहवालात पडले असते तरी पुरे होतं. उरलेलं म्हटलंहोतं साहेबांनी केलं असतं. धाकटी महिनाभर घरी बसली असती, सासूने पदराने डोळे पुसले असते, बढती गेली असती. नंतर कधीतरी खरं बाहेर आलं असतंच. थोरलीच्या हाताला डागही लागला नसता.

हा विचार तिने पुरता चघळला. त्याची चव फार चांगली होती, हे तिला कबूल करावं लागलं. मग तिला इस्पितळातलं बाळ आठवलं. ज्याने एकदा मीठ घातलं तो उद्या दुसरं काही घालेल. ती उठली, पदर खोचला आणि पंपघराकडे चालू लागली.

पंपघराच्या आवारात जमिनीलगत काँक्रीटची नवीकोरी टाकी. तिच्यातून पाणी पंपाने घरोघर जायचं. टाकीच्या झाकणाला भक्कम कुलूप, आणि ते कुणी फोडलेलं नव्हतं. पालिकेच्या माणसांनी पाणी उपसायला सुरुवात केली होती. थोरली शिडीवरून आत उतरली. तळाच्या कोपऱ्यात, जिथे पाणी थबकतं, तिथे बोटभर गाळ होता. तिने तो चिमटीत घेतला. वाळू नव्हती, शिंपल्याचा चुरा नव्हता. तांबडा, बारीक, बोटाला चिकटणारा. गंज.

टाकी काँक्रीटची. पाइप प्लास्टिकचा. सगळं नवं. मग लोखंडाचा गंज कुठून आला?

कुलपाच्या किल्ल्या तीन. एक व्हॉल्व्हमनकडे, एक उपअभियंत्यांकडे, एक धाकटीकडे. व्हॉल्व्हमन लेकीच्या बाळंतपणाला गावी गेला होता आणि जाताना आपली किल्ली उपअभियंत्यांकडे देऊन गेला होता. म्हणजे दोन किल्ल्या म्हटलंहोतं साहेबांच्या खणात. तिसरी थोरलीच्या स्वतःच्या घरात, स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या खिळ्याला.

कचेरीत उपअभियंत्यांनी दोन्ही किल्ल्या टेबलावर टाकल्या. "घ्या, बघा. खण मी कधी उघडा टाकत नाही. माझ्यावर संशय घेताय?"

"सगळ्यांवर घेतेय."

"मला ती बाई आवडत नाही, लपवून काय करू? माझ्या हाताखाली आली आणि माझ्या डोक्यावर बसली. रात्ररात्र झोप लागायची नाही मला. पण बाई, मला खात्री होती की तो सांधा सुटणार. आज नाही तर पावसाळ्यात. मी कॅलेंडरवर दिवस बघत बसलो होतो. झाड आपोआप कोसळणार म्हणून वाट बघणारा माणूस कुऱ्हाड कशाला घेईल?"

थोरलीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. हा जळणारा माणूस होता, पण दारं-खिडक्या उघड्या टाकून जळत होता. धूर साऱ्या गावाला दिसत होता.

"पाइप फुटलेला नाही, साहेब," ती म्हणाली.

त्यांचा चेहरा असा पडला, की खोटं बोलणाऱ्याला तसा पाडताच येणार नाही. खरोखर त्यांना वाईट वाटलं होतं.

४

मग उरले टँकरशेठ. टोकावर पाणी विकून त्यांनी माडी बांधली होती. नळ आला आणि सगळे टँकर आवारात उभे राहिले. टँकर लोखंडाचे, म्हणजे गंजही आलाच. थोरलीने त्यांची चौकशी केली तेव्हा कळलं, शेठ इस्पितळात आहेत.

बालविभागाच्या बाहेर बाकावर ते दोन्ही हात गुडघ्यांत घालून बसले होते. आत काचेपलीकडे ते तान्हं बाळ होतं. हाताला सलाईन, हात तो केवढासा.

"माझा नातू आहे," शेठ म्हणाले. "लेकीच्या लग्नाच्या वेळी मीच म्हणालो होतो, टोकावरच देऊ, डोळ्यांसमोर राहील."

थोरली शेजारी बसली. विचारणं जड जात होतं, पण विचारलं.

"टँकर?" शेठ कोरडं हसले. "गेल्या वर्षी तुम्हीच नोटीस काढलीत. आतून रंगाचा लेप लावल्याशिवाय परवाना नाही म्हणालात. मी शिव्या घातल्या तुम्हाला, पण लावला. जा, डोकं घालून बघा, गंजाचा कण सापडला तर जोडा काढून मारा. आणि पंपघराच्या गल्लीत टँकर वळतो का? नवं कुंपण घातल्यापासून सायकल वळवतानाही कसरत."

हे खरं होतं. लेप तिनेच तपासला होता, आणि त्या गल्लीत फार तर छोटा टेम्पो शिरला असता.

ती उठली तेव्हा शेठ हळूच म्हणाले, "एक सांगू? राग मानू नका. वस्तीत बोलतायत. सगळ्या टोकाचा चहा खारट झाला, आणि तुमच्या घरी शेजारीण गेली तर तुमच्या सासूबाईंनी तिला गोड चहा पाजला. एकाच नळाचं पाणी. लोक विचारतात, या एकाच घराला आधी कसं कळलं?"

"आणि लोकांचं उत्तर काय?"

शेठांनी मान वळवून काचेकडे बघितलं. "दोन जावा एका घरात. उत्तराला काय तोटा?"

थोरलीचे कान तापले. खिळ्यावरची किल्ली तिच्या हाताशी. जाऊ डोळ्यांत सलणारी, हे लोकांना ठाऊक. आणि चहा खरंच गोड होता. सकाळी तिनेच तर प्याला होता, आणि तिला काही वावगं वाटलं नव्हतं.

उद्याच्या सभेत संशयित म्हणून कुणी बोट दाखवणार असेल, तर ते तिच्याकडेच.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मासळीबाजाराची तपासणी तिच्याकडेच होती. मन थाऱ्यावर नव्हतं, तरी ती गेली. ओट्यावरच्या बायकांनी तिला घेरलं, पण पाण्यासाठी नव्हे.

"बाई, आधी त्या बर्फवाल्यांना दंड करा. काल लादी आली ती कच्ची. बाहेरून दगड, फोडली की आत पाणी. दुपारपर्यंत माल नरम पडला."

"रोज येते का अशी?"

"छे, कालच. आजची जरा बरी. काल काय मिठाचं माप विसरले की काय कोण जाणे."

थोरली चालताचालता थांबली.

बर्फाचा कारखाना तिने कितीदा तपासला होता. मोठ्या लोखंडी हौदात मिठाचं कडक पाणी, त्यात पाण्याचे डबे बुडवलेले. ते मीठपाणी बर्फाहून गार होतं, म्हणून डब्यातलं पाणी गोठतं. हौद जुना, बाजूंनी गंजाच्या पापड्या सुटलेल्या. त्यातलं मीठपाणी काढून घेतलं आणि तूट साध्या पाण्याने भरली, तर हौद मवाळ होणार आणि लादी कच्ची राहणार.

पोती वाहायला नकोत, विरघळवायला नको. दोन-चार पिंपं भरली की काम झालं. आणि बर्फाचा छोटा टेम्पो रोज पहाटेच्या अंधारात पंपघरावरूनच मासळीबाजाराकडे जातो. सूर्याकडे कुणी 'आज का उगवलास' म्हणून बघत नाही, तसंच त्या टेम्पोकडे कुणी बघत नाही.

ती घरी गेली. सासू मटार सोलत बसली होती.

"आई, काल सकाळी आपला चहा कोणत्या पाण्याचा केला होतात?"

"पिंपातल्या. का?"

"नळ चोवीस तास आहे. पिंप भरलं कुणी? आपण तर पालथं घालून ठेवलं होतं."

सासूच्या सुरकुत्या सैल झाल्या. "माझ्या लेकाने. परवा संध्याकाळी कारखान्यातून आला आणि कधी नाही ते माठ, हंडे, पिंप, सगळं काठोकाठ भरून ठेवलं. म्हटलं, अरे नळ आहे ना? तर म्हणाला, असू दे आई, नव्या गोष्टीचा भरवसा नसतो. इतकी माया आहे हो त्याला. तुला सांगते, असा मुलगा..."

ती बोलत राहिली. थोरलीची नजर दाराजवळच्या खिळ्याकडे गेली. किल्ली तिथेच होती, घरातल्या कुणाच्याही हाताला लागेल अशी.

६

कारखान्यात धाकटा दीर हौदाशी उभा राहून कामगारांना सूचना देत होता. वहिनीला बघून हसला. तिने टाकीच्या तळातून आणलेली गंजाची पुडी उघडून त्याच्यासमोर धरली तेव्हा हसू ओठांवर तसंच राहिलं, डोळ्यांतून मात्र गेलं. त्याने कामगारांना बाहेर पाठवलं.

"बाळ कसं आहे?" त्याने पहिल्यांदा हेच विचारलं.

"रात्र काढली. डॉक्टर म्हणतात वाचेल."

तो लाकडी खोक्यावर मटकन बसला. "मला वाटलं, मीठच तर आहे. चव बिघडेल, लोक थुंकतील, बोंब होईल. बाळाचं डोक्यातच आलं नाही, वहिनी. देवाशपथ."

"का केलंत, भावजी?"

त्याने पायाशी पडलेली गंजाची पापडी उचलून बोटांत चुरडली.

"आम्ही अभियांत्रिकीला एकाच वर्गात होतो," तो म्हणाला. "शेवटच्या वर्षी मी नापास झालो, ती पहिली आली. तेव्हा काही वाटलं नाही. खरंच. लग्न केलं, मिरवलं. पण आता इथे बर्फ घ्यायला येणारा पोरगासुद्धा म्हणतो, हे अभियंता बाईंचे मिस्टर. उद्घाटनाचा फोटो पेपरात आला, त्यात माझा अर्धा खांदा आहे. मी तो फोटो लोकांना दाखवत हिंडलो. प्रत्येकाला सांगायचो, बायको लाखात एक. म्हणायचो आणि जीभ भाजायची. त्यात ही बढती. ती जाणार, आणि मी मागे बर्फ फोडत राहणार, किंवा पिशवी धरून तिच्यामागे जाणार. मला तिचं वाईट करायचं नव्हतं. एक पायरी खाली यावी, एवढंच."

"तुम्ही आईसाठी पाणी भरून ठेवलंत."

"आईचा चहा कसा बिघडवू?"

थोरलीला त्याचा राग येत होता आणि कीवही. तो मान वर करून तिच्याकडे बघू लागला, आणि त्याच्या नजरेत एक ओळख होती. ती तिला नकोशी झाली.

"वहिनी, तुम्हाला तरी कुठे आवडलं होतं? उद्घाटनाला तुम्ही टाळ्या वाजवत होतात ना, तेव्हा मी तुमच्याकडेच बघत होतो. म्हटलं, या घरात मी एकटा नाही. तुमच्यामाझ्यात फरक एवढाच, की माझ्या हाताशी मीठ होतं."

तिने गंजाची पुडी पुन्हा बांधली. तो चुकीचं बोलला नव्हता.

"तेवढाच फरक आहे," ती शेवटी म्हणाली. "पण तो आहे, भावजी. सभा दुपारी आहे. त्याआधी तिला तुम्ही स्वतः सांगा. माझ्या तोंडून ऐकायची वेळ तिच्यावर आणू नका."

त्याने मान हलवली. ती होकाराची होती की नुसती हलली, हे तिला कळलं नाही.

७

सभागृह खच्चून भरलं होतं. खिडक्यांतून टोकावरची माणसं डोकावत होती. धाकटी एका कडेला बसली होती. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी. दीर आला नव्हता. तिच्या चेहऱ्यावरून थोरलीला कळलं, की त्याने सांगितलंही नव्हतं.

"पाइप शाबूत आहे," थोरलीने सुरुवात केली. "पूर्ण भरतीला तपासणीच्या नळाचं पाणी मी स्वतः घेतलं. गोड आहे. बाटली प्रयोगशाळेत दिली आहे."

कुजबुज उठली. म्हटलंहोतं साहेब छताकडे बघू लागले.

"म्हणजे मीठ टाकीत घातलं. समुद्राचं पाणी नव्हे. तळाला वाळूचा कण नाही. तळाला गंज आहे, आणि टाकीत लोखंड नाही. टँकरांना आतून लेप आहे आणि त्या गल्लीत ते वळत नाहीत. गावात मीठपाण्याचा लोखंडी हौद एकच, बर्फाच्या कारखान्यात. ज्या सकाळी पाणी खारट झालं, त्याच सकाळी बर्फाची लादी कच्ची निघाली. हौदातलं मीठपाणी काढून साधं भरलं, म्हणून."

"कारखान्यातल्या माणसाला कुलपाची किल्ली कुठून मिळाली?" नगराध्यक्षांनी विचारलं.

"कुलूप फोडलेलं नाही. दोन किल्ल्या उपअभियंत्यांच्या खणात होत्या. त्यांच्याकडे मीठपाणी नाही, आणि पाइप फुटणारच अशी त्यांची इतकी खात्री होती की त्यांना काही करायची गरजच नव्हती. तिसरी किल्ली आमच्या घरी."

सभागृहात मागून कुणीतरी म्हणालं, "तुमच्या घरचा चहा गोड होता, बाई."

"होता," थोरली म्हणाली. "कारण आदल्या संध्याकाळी घरातलं पिंप भरून ठेवलेलं होतं. ज्याने भरलं त्याला माहीत होतं, सकाळी नळाला काय येणार. ते मी भरलं नाही."

पुढच्या वाक्यात नाव घ्यायचं होतं. इतकी वर्षं ती या बाईवर मात करायची वाट बघत होती. आता साऱ्या गावासमोर तिच्या संसारावर घाव घालायची संधी, तीही कर्तव्य म्हणून, हातात आली होती. आणि जीभ उचलत नव्हती.

धाकटी उभी राहिली.

"माठ त्यांनी भरला होता," ती म्हणाली. आवाज अगदी साधा, कामाचा होता. "मी विचारलं तर म्हणाले, तुला आराम म्हणून. माझ्या नवऱ्याने. कारखान्यात ते व्यवस्थापक आहेत. बर्फाचा टेम्पो तेच चालवतात, ड्रायव्हर रजेवर असला की. त्या दिवशी तो रजेवर होता." तिने नगराध्यक्षांकडे पाहिलं. "सभेच्या कामकाजात नोंद घ्यावी."

आणि खाली बसली. रिकाम्या खुर्चीवरची आपली पिशवी तिने उचलून मांडीवर घेतली. नगराध्यक्षांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता ठेवला.

८

धाकटा दीर संध्याकाळी स्वतःच ठाण्यात गेला आणि सगळं कबूल करून बसला. जामीन झाला, पण घरी आला नाही. कारखान्याच्या मागच्या खोलीत राहू लागला. बाळ आठवड्याभरात घरी गेलं. त्या दिवशी तो इस्पितळाच्या फाटकाबाहेर उभा होता म्हणतात. टँकरशेठ नातवाला घेऊन त्याच्या शेजारून निघून गेले.

टाकी धुऊन पुन्हा भरली, आणि टोकावरचे नळ सुरू झाले. धाकटीने बढती घेतली. निघताना तिने थोरलीला वाकून नमस्कार केला, आणि थोरलीने तिला जवळ घेतलं. गाडी निघाल्यावर थोरलीच्या मनात पहिला विचार आला तो हाच, की आता हिला मोठी कचेरी मिळणार, मोठा पंखा, मोठं टेबल. मग तिने स्वतःच्याच मनाला एक शिवी हासडली आणि कामाला गेली.

सासूने तिच्याशी बोलणं टाकलं. लेक तुरुंगाच्या दारात, एक सून परगावी, आणि हे सारं उकरून काढणारी तेवढी घरात. सासू तिला ताट वाढायची, पाणी द्यायची, पण नजर देत नव्हती. महिना असाच गेला.

एका संध्याकाळी दोघीच होत्या. सासूने विचारलं, तेही भिंतीकडे बघत.

"तिचं वाईट व्हावं असं तुला वाटायचं. मी आंधळी नाही, मला दिसायचं."

"वाटायचं," थोरली म्हणाली.

"मग गप्प बसली असतीस तर तिचंच वाईट झालं असतं. माझा मुलगाही वाचला असता. का नाही बसलीस?"

खोटं, गोजिरवाणं काहीतरी सांगता आलं असतं, बाळाचं, कर्तव्याचं. तेही खरंच होतं. पण पुरतं खरं नव्हतं.

"ती पडावी असं मला वाटायचं, आई. पण स्वतःच्या चुकीने. दुसऱ्याने पाडलेल्या बाईकडे बघून मला काय मिळणार होतं? ती माझ्यापेक्षा हुशार आहे हे तसंच राहिलं असतं, आणि वर मी चोर ठरले असते."

सासू पहिल्यांदा तिच्याकडे वळली. खूप वेळ तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, जणू इतक्या वर्षांत तो नीट बघायचा राहूनच गेला होता.

"वेडी आहेस," ती म्हणाली. मग उठली, दुसरं ताट घेतलं आणि स्वतःच्या ताटाच्या शेजारी मांडलं. "बस. आज माझ्याबरोबर जेव."